उजेड टॅन्सींच्या घरी चांगला

मंगळवार, ४ मार्च १९६९. डब्लिन

ज्यांच्याकडे हा माहितीपट होता ते दिग्दर्शक आजारी पडले, म्हणून तो माझ्याकडे आला. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपले पान वाढले जावे हे बरे नव्हे, पण झाले ते असे झाले.

आमच्या विभागाचे प्रमुख हेन्नेबरीसाहेब यांनी खोलीत बोलावले. बस म्हणाले नाहीत.

"रुआन, तू पश्चिमेकडचा, मेयोचा ना?"

"हो साहेब."

"तिकडे अजून लोकांच्या घरात मिस्सा होते म्हणे. चर्चमधली उपासना, स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

"होते साहेब. वसंतात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा. वाडीतल्या घरांची पाळी असते. पाळी आली की घर रंगवतात, फादर येतात, सगळी वाडी तिथं जमते, मग न्याहारी."

"मग जा आणि घेऊन ये. अर्धा तास. आणि मला माहिती नको रे, माणसं हवीत."

त्यांच्यासमोर एक पाहुणे बसले होते. मी दार ओढून घेत असताना त्यांनी विचारले, "याचं शिक्षण काय?" साहेब म्हणाले, "शिक्षण कसलं! पण केबल फार सुरेख गुंडाळतो." दोघेही हसले. दार मी हळूच लावले. ऐकले आहे हे त्यांना कळू नये असे मला का वाटले, कोण जाणे.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली. इथे सगळे विद्यापीठातले. त्यांनी चुकीचा शब्द लिहिला तर ती घाई असते, मी लिहिला तर ते माझे कूळ असते. म्हणून मी शब्दकोश जवळ ठेवतो.

हा माहितीपट नीट झाला तर दिग्दर्शक म्हणून कायम करतील. नाही झाला तर पुन्हा केबल.

रविवार, ९ मार्च. क्लूनब्रॅक

घरी आलो. आईने कोबी आणि बेकन केले होते. खाताना विचारले, या खेपेला मिस्सा कोणाकडे?

"डेलियाकडे," आई म्हणाली. "बिचारीनं पॅकी गेल्यापासून तेवढी एक गोष्ट धरून ठेवलीय."

पॅकी मॅनियन आमचे शेजारी, डेलियाकाकूंचे नवरे. गेल्या ऑक्टोबरात तळ्यात बुडाले. तेव्हा मी एका फुटबॉल सामन्याच्या कामावर होतो, मातीला येता आले नाही.

"वारा नव्हता त्या दिवशी," आई म्हणाली. "वल्ही होडीत शेजारी शेजारी ठेवलेली. कोट घडी घालून काठावर."

"पॅकीकाका नीटनेटकेच होते."

आईने माझ्याकडे बघितले आणि पुन्हा बटाटा सोलायला घेतला. "फादर लाव्हेलनी पुरलं त्याला, नाही असं नाही. पण पाऊस येतोय म्हणून आवरावं तसं. त्याच्याबद्दल एक चांगला शब्द नाही. तेव्हापासून लोक काय बोलतात ते मी तुला सांगायला नको. आता एकदा त्या घरात मिस्सा झाली की संपलं. ज्या घरात देव येतो त्या घरचा माणूस आपल्या हातानं गेला, ते पाप करून गेला असं कोण म्हणेल?"

आई सगळ्याच गोष्टी मनाला लावून घेते. अपघात होता असे सरकारी चौकशीत लिहिले गेले आहे. लिहिलेल्या गोष्टीवर लोक का विश्वास ठेवत नाहीत?

बुधवार, १२ मार्च

छायाचित्रकार लॉर्कन याला घेऊन डेलियाकाकूंच्या घरी गेलो. लॉर्कन डब्लिनचा, तोंडाने फाटका, हाताने चांगला. घराला आतून बाहेरून चुना दिलेला, टेबलावर नवे मेणकापड. काकूंची मुलगी ब्रीज खुर्चीवर चढून खिडकीची चौकट हिरवी करत होती. आम्ही एका वर्गात होतो. माझ्यानंतरही ती शाळेत राहिली.

"या दिग्दर्शक," ब्रीज म्हणाली. "हात नका लावू, ओलं आहे. आणि तुमचा सूट तर नक्की भाड्याचा असणार."

"माझाच आहे."

"मग परत करून टाक."

काकू हसल्या. त्या हसलेल्या मी बऱ्याच दिवसांत पाहिल्या नव्हत्या. फादर कुठे उभे राहतील, वेदीसाठी टेबल किती उंच करायचे, पापनिवेदन आतल्या खोलीत होईल, सगळे त्यांनी दाखवले. फादरांसाठी अंडी कोणत्या कोंबडीची हेही ठरलेले होते. मग एकदम हात धरून म्हणाल्या, "कोलमन, तो दिवस एकदा नीट पार पडू दे. मग मी पॅकीचं नाव पुन्हा मोठ्यानं घेईन."

मी म्हणालो, पडेल काकू.

बाहेर आल्यावर लॉर्कन कुरकुरला. "ही खोली आहे का बोगदा? खिडकी टेकडीकडे. दोन दिवे लावले तर साऱ्या वाडीचा फ्यूज उडेल."

"मग जमणार नाही?"

"जमेल रे. कमी उजेडात चालणारी, जास्त वेगाची फिल्म घालू. चित्र जरा दाणेदार, ठिपक्याठिपक्यांचं येईल, पण येईल."

दाणेदार. साहेबांना दाणेदार चालेल का? शिकलेल्याचे चित्र दाणेदार आले तर ती त्याची शैली ठरते. माझी ती चूकच ठरेल.

शुक्रवार, १४ मार्च

फादर लाव्हेल यांची परवानगी घ्यायला गेलो. त्यांनी मला आपल्या बैठकीत बसवले, चहा मागवला, आईची चौकशी केली. लहानपणी त्यांच्यासमोर मला घाम फुटायचा. आज त्यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"या तुझ्या कॅमेऱ्याला उजेड किती लागतो?"

"बराच लागतो, फादर."

"मॅनियनांच्या घरात तर दिवसाही मेणबत्ती लागते."

"जरा अंधार आहे खरा."

ते चहा ढवळत राहिले. "मायली टॅन्सीनं पूर्वेला मोठी खिडकी बसवलीय. पाहिलीस? सकाळी सगळं घर उजळतं."

"पण पाळी मॅनियनांची आहे ना, फादर? त्यांच्यानंतर टॅन्सी."

"आहेच. आणि पाळी मी मोडणार नाही. माझ्या आधीच्या फादरनीही कधी मोडली नाही. पण डब्लिनहून दिग्दर्शकानं काही तांत्रिक कारणासाठी विनंती केली, तर खेड्यातल्या पाद्र्यानं आडवं यावं का?"

उजेडाची इतकी जाण असलेला पाद्री मी पाहिला नव्हता. आमच्याकडच्या पदवीधरांनाही खिडकीची दिशा सांगता येत नाही.

"मग मी विनंती करू, फादर?"

"ते तू ठरव. मी कोण सांगणारा?"

मी विनंती केली. त्यांनी लगेच मान्य केली, फाटकापर्यंत सोडायलाही आले.

मॅनियनांची पाळी मग ऑक्टोबरात येईल का, हे विचारायचे राहिले. ऑक्टोबरातच असणार. सहा महिन्यांनी काय बिघडते?

रविवार, १६ मार्च

फादरांनी आज वेदीवरून वसंतातल्या मिस्सांची घरे वाचली. आमच्या वाडीपाशी येऊन थांबले, चष्मा काढला. "दूरचित्रवाणीचे दिग्दर्शक श्री. कोलमन रुआन यांच्या विनंतीवरून, क्लूनब्रॅकची मिस्सा या वेळी टॅन्सींच्या घरी होईल."

मला वेदीवरून कोणी दिग्दर्शक म्हणाले ही पहिलीच वेळ. खरे लिहायचे तर आधी मला तेवढेच ऐकू आले. मग लक्षात आले की पुढच्या बाकांवरची डोकी वळत आहेत, आणि माझ्याकडे नाही. सगळी डेलियाकाकूंकडे. काकू समोर बघत होत्या. त्यांची मान कॉलरपर्यंत लाल झाली होती.

बाहेर पुरुषमंडळी भिंतीला टेकून उभी.

"काय कोलमन, उद्या सूर्य कुठून काढायचा ते पण तूच सांगणार काय?"

"सांभाळून बोल बाबा, नाहीतर तुझ्या गोठ्यात मिस्सा ठेवील."

मायली टॅन्सी टोपी हातात फिरवत आला. खूश होता आणि खजीलही होता. "कोलमन, आमची अजून काही तयारी नाही रे. माझी ओनी म्हणते, डेलियाला तोंड कसं दाखवू?"

"उजेडाचा प्रश्न आहे, मायली. दुसरं काही नाही."

भिंतीपाशी कोणीतरी म्हणाले, "फादरच्या गळ्यातला काटा पोरानं आपल्या हातानं काढला." त्यावर कोणी हसले नाही.

आई माझ्यासाठी न थांबता एकटीच घरी गेली.

मंगळवार, १८ मार्च

समजावून सांगायला गेलो. फाटकातच ब्रीज.

"उजेड टॅन्सींच्या घरी चांगला आहे, ब्रीज. एवढंच कारण."

"तो लॉर्कन मला म्हणाला होता, इथंही जमेल."

"दाणेदार आलं असतं."

"काय आलं असतं?"

मी समजावू लागलो. तिने मध्येच हात वर केला. "तू इथंच वाढलास ना रे? घर वगळलं म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही? मॅक्हेलांचं घर वगळलं होतं तेव्हा त्यांच्या पोरींशी लग्न कोणी केलं? सांग."

"पण फादरनी स्पष्ट सांगितलं ना, माझ्या विनंतीवरून म्हणून."

"हो, सांगितलं. किती चांगलं सांगितलं."

मग काकू बाहेर आल्या. मला वाटले, आता बोलतील. त्यांनी विचारले, जेवलास का? मग आतून एक खोके आणले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चांगल्या कपबश्या. "ओनीकडे पुरतील एवढ्या नाहीत. जाता जाता देऊन ये. सांभाळून, कान नाजूक आहेत."

मी खोके घेऊन टॅन्सींकडे गेलो. एकही फुटली नाही.

गुरुवार, २७ मार्च

मिस्सा झाली. उजेड अप्रतिम. खिडकीतून थेट टेबलावर, कोणाच्याही तोंडावर सावली नाही.

फादर दारातून आत येतात ते पहिल्यांदा नीट आले नाही, मायली कॅमेऱ्याकडे बघून हसला. मी घाबरत विचारले, पुन्हा याल का? फादर म्हणाले, "अरे, हवं तितक्यांदा!" दुसऱ्या वेळी ओनीने "पुन्हा?" असे म्हटले ते आवाजात आले. तिसऱ्यांदा नीट झाले. टॅन्सींच्या दारातून फादर तीनदा आत आले.

काकू आणि ब्रीज आल्या नाहीत. न्याहारीच्या वेळी त्यांच्या कपातून चहा पिणारे लोक त्यांच्याबद्दल काही बोलत नव्हते, आणि हे न बोलणे मला जरा जास्तच ऐकू येत होते. कदाचित माझी काळजी असेल. मला काळजीची सवय आहे.

सामान भरताना लॉर्कन म्हणाला, "मिस्सेला लोक चालले होते ना, तेव्हा त्या बोगद्याच्या घरातली बाई दारात उभी होती. चांगला कोट घालून. सगळे तिच्यासमोरून गेले, एकानंही मान वर केली नाही. मी घेऊन ठेवलं."

"कशाला?"

"कॅमेरा हातात होता."

मंगळवार, २२ एप्रिल. डब्लिन

साहेब संकलनाच्या खोलीत आले. अर्धा वेळ घड्याळाकडे बघत होते. मग पडद्यावर काकू आल्या आणि साहेब पुढे सरकले.

"थांब. ही कोण?"

"शेजारीण आहे, साहेब."

"ही आत का नाही?"

"घरात दुःख झालंय. नवरा गेला."

"शेवट हिच्यावर कर. आत लोक गातात, बाहेर ही. गाणं तसंच चालू ठेव."

"तिला विचारायला हवं, साहेब."

"रस्त्यावरून दिसणाऱ्या दारात उभी आहे ती. रस्त्यावरून दिसतं त्याची कोणी परवानगी घेतं का?" जाता जाता खांद्यावर हात ठेवला. "हे तू घेतलंस? मला वाटलं नव्हतं."

लॉर्कनने घेतले असे मी सांगणार होतो. तोवर ते गेले होते.

लावून पाहिले. साहेबांचे बरोबर आहे. बाकीचा अर्धा तास या चेहऱ्यापुढे फिका पडतो. आणि चित्र बाहेरचे आहे, सकाळच्या उन्हातले. एक दाणा नाही.

गुरुवार, १२ जून

परवा प्रसारण झाले. आज दोन वर्तमानपत्रांत आले आहे. एकाने लिहिले, "शेवटच्या त्या चेहऱ्यात एक अख्खे नाटक दडलेले आहे." माझे नावही आहे, बरोबर लिहिलेले.

साहेबांनी बोलावले आणि बस म्हणाले.

"तर मग नाटक कर. तास-सव्वा तासाचं. ती बाई, ते घर, तो पाद्री. लिही तूच. खरं काय झालं होतं तिथं?"

मी सांगितले. माझी विनंती तेवढी गाळली. त्या विनंतीशिवायही गोष्ट पूर्ण होते याचे मला आश्चर्य वाटले.

गावच्या पोस्टामार्फत आईला फोन केला. पोस्टातली बाई फोन जोडून देते आणि मग ठेवत नाही, म्हणून वाडीत कोणी फोनवर मोकळे बोलत नाही. आई एवढेच म्हणाली, "पबमध्ये सगळ्यांनी पाहिलं. आता साऱ्या देशानं पाहिलं. ब्रीज इंग्लंडला चाललीय, लीड्सच्या मावशीकडे."

"कामाला?"

"हो. कामाला म्हण."

सोमवार, ६ ऑक्टोबर. क्लूनब्रॅक

काल वेदीवरून ऑक्टोबरातली घरे वाचली. क्लूनब्रॅक: केव्हनी. केव्हनींचे घर टॅन्सींच्या पुढचे.

मला धक्का बसला. आज सकाळी फादरांकडे गेलो. या वेळी त्यांनी दारातच उभे ठेवले.

"फादर, मॅनियनांची पाळी राहिली होती."

"पाळी पुढे जाते, कोलमन. मागे कधी फिरली आहे का? टॅन्सी झाले, आता केव्हनी. वाडीला वळसा पूर्ण झाला की मॅनियन येतील."

"त्याला खूप वर्षं लागतील."

"लागतील. पण क्रम बदलायला मी तर सांगितलं नव्हतं." ते हसले. "तुझं चित्र फार छान झालं. बिशपनाही आवडलं."

तिथून काकूंकडे. नाटकासाठी त्यांची संमती हवी, साहेबांनी तसे बजावले आहे, कारण आता त्यांचा चेहरा सगळ्यांना ओळखीचा आहे. काकू एकट्या होत्या. चुन्याला पावसाचे ओघळ आले होते. मी गोष्ट सांगितली. नावे बदलू, गाव बदलू, नटी चांगली आहे.

त्यांनी शेगडीतले निखारे सारखे केले.

"तुझ्या नाटकात फादर येतात का घरात?"

"अजून शेवट लिहिला नाही, काकू."

"मग लिही. येतात असं लिही. खोटंच का होईना. लोकांना तुमच्या त्या पेटीतलं खरं वाटतं. मला दारात उभी केलेली त्यांना खरी वाटली ना? मग हेही वाटेल." त्यांनी ॲप्रनचे टोक हातात गुंडाळले. "तेवढं करशील, तर घे माझं काय घ्यायचं ते."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे लिहून ठेवतो. त्यांनी सही केली. अक्षर शाळकरी पोरीसारखे.

गुरुवार, २० नोव्हेंबर. डब्लिन

स्टुडिओत स्वयंपाकघर उभे केले आहे. एक भिंत नाही, त्यामुळे उजेड हवा तसा. माझे लिखाण साहेबांनी एका पदवीधराला शुद्धलेखन तपासायला दिले होते. त्याला एकही चूक सापडली नाही. मला वाटते त्याला जरा वाईट वाटले.

शेवट मी वचन दिल्याप्रमाणे लिहिला होता. नट पाद्री रस्त्याने येतो, फाटकापाशी थांबतो, आत येतो. बाई गुडघे टेकते. साहेबांनी तालीम पाहिली.

"रुआन, हे काय आहे? चर्चचं पत्रक? तो आत आला तर तासभर आम्ही काय बघत होतो? तो थांबतो, आणि पुढे जातो. बस."

"मी तिला शब्द दिलाय, साहेब."

"कुणाला?"

"त्या बाईला."

ते शांतपणे म्हणाले, "तू कुणासाठी काम करतोस ते आधी ठरव. इथं प्रत्येकाच्या गावात एकेक बाई आहे."

मी दोन्ही शेवट चित्रित केले. आत येण्याच्या शेवटात नटीने चांगले काम केले. पुढे जाण्याच्या शेवटात तिने काहीच केले नाही, नुसता ॲप्रनला हात पुसला, आणि केबल धरून उभा असलेला माणूस रडला. तोच शेवट चांगला आहे. मला तो आवडतो. साहेबांनी जबरदस्ती केली असे मी कोणालाही सांगू शकेन, पण इथे, या वहीत, नाही.

बुधवार, १४ जानेवारी १९७०

पुढे जाण्याचाच शेवट लावला. काल कायम झाल्याचे कळले. साहेब म्हणाले, आता दर वर्षी एक नाटक.

डेलियाकाकूंना सांगायला हवे. पत्र लिहायला घेतले. पहिले वाक्य बरोबर येते, दुसरे येत नाही. आईला फोन केला, पण पोस्टातली बाई ऐकत असते. काकूंची गोष्ट तिच्या कानावर कशी घालायची? हे कारण पुरेसे आहे. मी पुन्हा वाचून पाहिले, पुरेसे आहे.

आईने आपण होऊन सांगितले की डेलिया हल्ली बरी दिसते, खूप दिवसांनी दुकानात थांबून बोलते. प्रसारण पहिल्या फेब्रुवारीला, रविवारी. शेवटच्या पाटीवर त्यांचे आभार मानावे असे मी सुचवले. साहेबांनी लगेच मान्य केले. निदान तेवढे तरी.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळपासून लोक हात मिळवत आहेत. विद्यापीठातल्या एकाने जिन्यात थांबवून विचारले, शेवट कसा सुचला?

दुपारी आईचा फोन आला. तिने स्वतःहून फोन केला असे कधी होत नाही.

"डेलियानं टीव्ही आणला होता भाड्यानं," आई म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"भिंतींना पुन्हा चुना दिला. हॅम उकडलं, केक केला. टॅन्सींकडून कपबश्या परत मागवल्या. सगळ्या वाडीला बोलावलं, कोलमनच्या नाटकात फादर घरात येतात, बघायला या म्हणून. ब्रीज लीड्सहून आली होती. आणि डेलियानं फादरनाही बोलावलं."

"ते आले?"

"आले की. टीव्ही बघायला त्यांना कुठं पाळी लागते? हॅट खुंटीला लावली, पॅकीच्या खुर्चीत बसले. खोली गच्च भरलेली. नाटक चांगलं आहे रे, सगळे गप्प होते. मग शेवटी तो नट रस्त्यानं आला. फाटकापाशी थांबला. डेलिया उठून उभी राहिली, कोलमन. आपल्याच घरात, आपल्याच दाराकडे तोंड करून. आणि तो पुढे निघून गेला."

पोस्टातली बाईसुद्धा श्वास रोखून असावी.

"मग?"

"मग तुझं नाव आलं. मग तिचं. श्रीमती डेलिया मॅनियन, क्लूनब्रॅक, यांचे आभार. ही बाई कोण याची कोणाला शंका राहिली असेल तर तीही गेली."

"आई, मी ते..."

"फादर म्हणाले, पोरानं फार सुंदर केलंय. ब्रीज उठून बाहेर गेली. डेलिया मात्र वाढत होती. फादरनी दोनदा हॅम घेतलं. तिनं त्यांना चहा दिला, दूध किती म्हणून विचारलं."

मी विचारले, काकू काही म्हणाल्या का?

"सगळे गेल्यावर भांडी पुसताना म्हणाली."

"काय?"

"म्हणाली, कोलमनला कळव. फादर येऊन गेले."